बढती नको म्हणणारा कामगार

पगार वाढतो आहे आणि माणूस ‘नको’ म्हणतो, असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. ‘अंगचोर असेल’ म्हणाल, नाहीतर ‘जबाबदारीला भीत असेल’. साहेबलोकही तसेच म्हणतात. पण मंडळी, त्या माणसाने घरी बसून केलेला हिशेब एकदा पाहू या.

कामगारांसाठी राज्य विमा योजना आहे. कायदा १९४८ चा. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे तिची सुरुवात झाली. कामगाराने पगारातून थोडी वर्गणी द्यावयाची, मालकाने तिच्या कितीतरी पट द्यावयाची, आणि त्या बदल्यात घरातल्या माणसांसकट औषधपाणी मिळावयाचे. जुलै २०१९ मध्ये कामगाराची वर्गणी शेकडा पाऊण रुपया ठरली, मालकाची सव्वातीन. मात्र योजना ठराविक पगारापर्यंतच. जानेवारी २०१७ मध्ये ही मर्यादा महिना २१,००० रुपये झाली.

आता समजा, चाकणच्या एका कारखान्यात एक फिटर आहे. पगार २०,५००, वर्गणी कापली जाते ती दीडशेच्या आसपास. मालक म्हणतो, ‘सुपरवायझर हो, २२,००० देतो.’ दीड हजाराची वाढ! पण वर्गणीची चालू मुदत आणि तिच्यामागून येणारा लाभाचा काळ संपला की विम्याचे छत्र गेले. घरात आईला मधुमेह, धाकट्याला दमा. डॉक्टर, तपासण्या, औषधे यांतच ते दीड हजार जिरावयाचे, आणि मोठे दुखणे आले तर कर्ज. मालकाने दुसरा विमा काढून दिला तर गोष्ट वेगळी.

आणखी एक गंमत पाहा. त्या जुन्या कायद्यात मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरीत नसत. तेव्हा आमचा फिटर रात्रपाळी आनंदाने करी, बढती मात्र टाळी. यात नुकसान दीड हजाराचे नाही. सुपरवायझरनंतर पुढच्याही पायऱ्या असतात. पण पहिलीच इतकी महाग, की पुढच्या कोणी पाहावयासच जात नाही. याच्या हाताखाली शिकलेला सडा पोरगा वर जातो, आणि हा त्याच यंत्रापाशी राहतो.

खेड्यात हीच गोष्ट रेशनकार्डाची. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० व शहरात ५९,००० रुपये ठरविण्यात आली. ४४,००० म्हणजे महिना साडेतीन हजारांहून थोडे अधिक. माणशी पाच किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. पाच माणसांच्या घराला २५ किलो. किलोला ३५ रुपये धरा, ८७५ रुपये झाले. घरातल्या बाईने हजार रुपयांचे जादा काम धरले आणि कार्ड गेले, तर महिनाभराच्या श्रमाचे उरले सव्वाशे! तिने काम सोडले, किंवा मजुरी कागदावर येऊ दिली नाही, तर नवल कसले? शिक्षकबंधूंनो, उत्पन्नाचा दाखला मागताना पालक का घुटमळतात, हे तुम्ही पाहिलेच असेल.

गरिबाला मर्यादा नसावी, असे माझे म्हणणे नाही. धान्य आणि पैसा मोजकाच असतो. पण मर्यादा उताराची असावी, कड्याची नसावी. हे आपल्या सरकारला ठाऊक नाही असेही नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. कोणाचे उत्पन्न बारा लाख दहा हजार झाले, तर कर त्या वरच्या दहा हजारांहून जास्त पडू नये, अशी सवलत त्यात आहे. बारा लाखवाल्याचा कडा घासून उतार केला. ४४ हजारवालीचा तसाच उभा!

ब्रिटनमध्ये २०२१ च्या अखेरीपासून, सूट वजा जाता, हाती आलेल्या दर जादा पौंडामागे सरकारी मदत ५५ पेन्सनी कमी होते. ४५ पेन्स घरात राहतात. तेही थोडेच, पण काम वाढविल्याने घर मागे जात नाही. आपल्याकडे निदान इतके करता येईल: उत्पन्न वाढल्यावर कार्ड दोन वर्षे चालू ठेवावे, आणि पगार मर्यादेवर गेलेल्या कामगाराला थोडी जास्त वर्गणी घेऊन विम्यात राहू द्यावे. तो फिटर वर्गणी देण्यास कधीच नाही म्हणत नव्हता.