भिंग कपाटात का? लहान मुलं आणि विज्ञानाची साधनं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोर-वेल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा असोत नाहीतर पुण्यातल्या, 'प्रयोगाचं साहित्य सहावीपासून' हा समज सगळीकडे पक्का आहे. त्याचं मूळ पाठ्यपुस्तकांत आहे. 'सामान्य विज्ञान' हे पुस्तक सहावीत हाती येतं. त्याआधी असतो 'परिसर अभ्यास'. पण परिसराचा अभ्यास करायचा तर मोजायला, तोलायला, जवळून पाहायला हातात काहीतरी हवंच की! एनसीईआरटीने २०२३ मध्ये आणलेला 'जादुई पिटारा' हा शैक्षणिक खेळसाहित्याचा संच तर ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठीच आहे.

'अंश कळत नाहीत, तर तापमापी कशाला?' असंही विचारतात. पहिलीतल्या मुलाला आकडा वाचता आला नाही, तरी लाल रेषा उन्हात वर चढली आणि सावलीत उतरली, हे दिसतं. दोन्ही जागी रेषा कुठवर पोचली त्याच्या खुणा करू द्याव्यात. आकडे मागाहून येतील. मात्र घरातला ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर इथे वापरू नये. तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो, गरम पाण्यात बुडवला तर फुटू शकतो. पाऱ्याची तापमापीही नको. लाल द्रवाची घ्यावी.

भिंग दिलं आणि मूल 'काहीच दिसत नाही' म्हणालं, तर त्याला गती नाही असं समजू नका. बहुतेक वेळा त्याने भिंग हात लांब करून वस्तूवर धरलेलं असतं. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि भाताची लोंबी हळूहळू जवळ आणायची. एका ठिकाणी टरफलावरची बारीक लव लख्ख दिसते. ज्या खाचरात रोज जातो, तिथल्या दाण्याला केस आहेत, हे मुलाने स्वतः पाहिलेलं असतं.

मुलं साहित्य मोडतील ही भीती मला फार मोठी वाटत नाही. प्लास्टिकचं भिंग पडलं तर पडलं. खरे धोके दोनच, आणि तिथे तडजोड नको: भिंगातून सूर्याकडे कधीच पाहायचं नाही, आणि खेळण्यांतून निघालेली बारीक, जोरदार चुंबकं वर्गात आणायची नाहीत. अशी दोन चुंबकं गिळली गेली तर ती पोटात एकमेकांना ओढतात आणि आतड्याला छिद्र पाडू शकतात.

साहित्य महाग असतं, हा समज खोडून काढायला अरविंद गुप्तांचं काम पुरे आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून त्यांना दिशा मिळाली आणि पुढे पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या 'मुक्तांगण' विज्ञान केंद्रात, त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. आपल्यालाही पट्टी आणि दोन सारखी झाकणं बांधून तराजू करता येतो. वजनं? सुई नसलेल्या सिरिंजने एका झाकणात १० मिलिलिटर पाणी सोडा, दुसऱ्यात वाळू टाकत दांडी आडवी करा. ती वाळू पुडीत बांधली की १० ग्रॅमचं वजन तयार.

सगळ्यात रुजलेला गैरसमज पावसाचा, आणि तो मोठ्यांच्याही डोक्यात असतो: रुंद भांड्यात पाऊस जास्त भरणार. पाणी जास्त साठतं हे खरं, पण तितक्याच जास्त तळावर पसरतं. म्हणून सरळ भिंतींच्या डब्यात आणि सरळ बाटलीत उंची सारखीच येते. हे सांगू नका. दोन्ही शेजारी ठेवून पट्टी मुलांच्या हातात द्या. शीतपेयाच्या बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तो बुडेपर्यंत आधी पाणी भरून तिथे शून्याची खूण करावी. बाटली वरून कापून तिचं तोंड उलटं बसवलं की नरसाळं होतं. बाटली मोकळ्या जागी हवी, पागोळ्यांखाली नको. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजतं. शाळेने आपल्या सोयीची, पण रोज एकच वेळ धरावी.

भोर तालुक्यात हे मोजणं विशेष रंगतदार होईल. वरंधा घाटाकडचं हिर्डोशी आणि महामार्गाजवळचं नसरापूर एकाच तालुक्यात, पण सह्याद्रीच्या माथ्याकडून पूर्वेला येताना पाऊस झपाट्याने कमी होतो. दोन्हीकडच्या मुलांनी फोनवर आकडे सांगितले, तर फरक त्यांच्याच वहीत उतरेल. तोरण्याच्या पायथ्याची वेल्ह्याची शाळाही त्यात येऊ शकते. रविवारी नोंद राहिली, तर सोमवारच्या आकड्यापुढे 'दोन दिवसांचा मिळून' असं लिहावं. मधला आकडा अंदाजाने भरू नये.