मुकुटाविना राज्य

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने शेजारी शेजारी येतात. ही दोन्ही नावे माणसांची आहेत. जुलै हे नाव ज्युलियस सीझरवरून पडले आणि ऑगस्ट हे त्याचा दत्तकपुत्र ऑगस्टस याच्यावरून. महिन्यांना आपले नाव मिळावे एवढी सत्ता या दोघांच्या हाती एकवटली होती. परंतु दोघांपैकी एकानेही स्वतःला ‘राजा’ म्हणवून घेतले नाही. तसे म्हणवून घेण्याचे धाडस त्यांना झाले नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. कारण रोममध्ये ‘राजा’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा होता.

रोमन परंपरा असे सांगते, की इ.स.पू. ५०९ मध्ये लोकांनी टार्क्विनियस नावाच्या उद्दाम राजाला हाकलून दिले आणि पुन्हा राजा होऊ द्यायचा नाही अशी शपथ घेतली. त्यानंतर जी राज्यव्यवस्था उभी राहिली, तिच्या मुळाशी एकाच माणसाबद्दलचा अविश्वास होता. राज्याचे प्रमुख अधिकारी म्हणजे कॉन्सल. ते एक नसून दोन असत, फक्त एका वर्षासाठी निवडले जात आणि एकाचा निर्णय दुसरा अडवू शकत असे. ट्रिब्यून नावाचे अधिकारी सामान्य लोकांचे रक्षण करीत. ट्रिब्यूनने ‘मी मनाई करतो’ एवढे म्हटले, की काम थांबे. त्याच्या अंगाला हात लावणे हे धर्मबाह्य कृत्य मानले जाई. अधिकारपदे भोगलेल्या अनुभवी व श्रीमंत पुरुषांची सिनेट ही सभा राज्यकारभाराला दिशा देई. फार मोठे संकट आले तर एकाच माणसाला डिक्टेटर नेमून सर्वाधिकार देत, पण तेही जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. आजच्या अर्थाने ही लोकशाही नव्हती. स्त्रियांना आणि गुलामांना मत नव्हते आणि श्रीमंतांच्या मताला गरिबांच्या मतापेक्षा अधिक वजन होते. तरीही एका हाती सत्ता जाऊ नये ही काळजी तिने सुमारे साडेचारशे वर्षे घेतली.

मग ही व्यवस्था कोसळली कशी? त्याचे उत्तर सिनेटच्या सभागृहात शोधण्यापेक्षा शेतात शोधावे लागते.

प्रारंभीच्या रोमचा सैनिक हा लहानसा जमीनदार शेतकरी असे. लढाई संपली की तो परत येऊन नांगर धरी. पुढे युद्धे दूरदेशी आणि वर्षानुवर्षे चालू लागली. शेतकरी स्पेनमध्ये किंवा आफ्रिकेत लढत असताना त्याचे शेत पडीक राही, कर्जात जाई आणि अखेर एखाद्या धनिकाच्या विस्तीर्ण जमिनीत मिळून जाई. त्या जमिनीवर काम करायला युद्धात पकडलेले गुलाम होतेच. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने सार्वजनिक जमीन भूमिहीनांना वाटून देण्याचा कायदा आणला, तेव्हा सिनेटमधील त्याच्या विरोधकांनी त्याला भर सभेच्या जागी मारून टाकले. ज्या ट्रिब्यूनला स्पर्श करणेही निषिद्ध, त्याचाच खून झाला आणि खुनी मोकळे राहिले.

इ.स.पू. १०७ मध्ये मॅरियस या सेनापतीने जमीन नसलेल्यांनाही सैन्यात घेतले. सैन्याला माणसे मिळाली, पण एक प्रश्न कायमचा उभा राहिला. सेवा संपल्यावर या माणसाने जायचे कुठे? राज्य त्याला जमीन देण्याची हमी देत नव्हते. सेनापती मात्र देत होता. निदान तसे वचन तरी देत होता. साहजिकच सैनिकाचे डोळे रोमकडून सेनापतीकडे वळले. इ.स.पू. ८८ मध्ये सल्ला या सेनापतीने आपले सैन्य खुद्द रोम शहरावर नेले. असे यापूर्वी कधी घडले नव्हते. एकाचा अपवाद सोडला तर त्याचे सर्व वरिष्ठ अधिकारी त्या क्षणी त्याला सोडून गेले. सैनिक मात्र त्याच्याबरोबर राहिले. रोमच्या पुढील तीनशे वर्षांचा इतिहास या एका प्रसंगात सामावलेला दिसतो.

ज्युलियस सीझर याच वाटेने पुढे गेला. पाँपी आणि क्रॅसस या दोन बलाढ्य पुरुषांशी इ.स.पू. ६० मध्ये हातमिळवणी, मग कॉन्सलपद, मग आजच्या फ्रान्सच्या भूमीवर, म्हणजे गॉलमध्ये, आठ-नऊ वर्षांची युद्धे आणि त्यांतून अमाप लूट व निष्ठावंत सैन्य. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत त्याने रुबिकॉन ही आपल्या प्रांताच्या सीमेवरची छोटी नदी सैन्यासह ओलांडली. सेनापतीने सैन्य घेऊन इटलीत येणे हा उघड राजद्रोह होता. यादवी युद्धात पाँपी संपला. सीझर डिक्टेटर झाला आणि इ.स.पू. ४४ मध्ये तर ‘आजन्म डिक्टेटर’ झाला. त्याच वर्षी एका उत्सवात त्याचा सहकारी अँटनी याने त्याच्या मस्तकावर राजचिन्हाची पट्टी ठेवू पाहिली. सीझरने ती नाकारली. परंतु संशय गेला नाही. एका महिन्याने, १५ मार्च रोजी, सिनेटच्या बैठकीत कटवाल्यांनी त्याला सुऱ्यांनी भोसकले. एक माणूस मेला की जुनी व्यवस्था आपोआप परत येईल असे त्यांना वाटले. पण सीझरच्या हजारो सैनिकांना जमिनी मिळायच्या बाकी होत्या आणि त्यांचा कोणीच विचार केलेला नव्हता. तो विचार एका अठरा वर्षांच्या मुलाने केला.

हा मुलगा म्हणजे सीझरच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा, ऑक्टेव्हियन. सीझरच्या खुनाची बातमी आली तेव्हा तो आजच्या अल्बानियातील अपोलोनिया येथे शिकत होता. सीझरने मृत्युपत्रात त्याला दत्तक घेतल्याचे पुढे कळले. आई आणि सावत्र वडील म्हणाले, हा वारसा घेऊ नकोस, जीव जाईल. त्याने तो घेतला आणि सीझर हे नावही लावले. मृत्युपत्रात रोमच्या प्रत्येक नागरिकाला तीनशे सेस्टर्स ही नाणी द्यावीत असे लिहिले होते. सीझरचा पैसा अँटनीच्या ताब्यात होता आणि अँटनी टाळाटाळ करीत होता. तेव्हा या मुलाने स्वतःची मालमत्ता विकून लोकांना पैसे वाटायला सुरुवात केली. मग तो सीझरच्या जुन्या सैनिकांच्या वसाहतींत गेला आणि प्रत्येकाला दोन हजार सेस्टर्स देऊ केले. ही रक्कम सैनिकाच्या दोन वर्षांच्या पगाराहून अधिक होती. त्याच्याकडे ना पद होते, ना अधिकार. तरी सैन्य उभे राहिले.

थोर वक्ता सिसरो याला वाटले, की या पोराचा अँटनीविरुद्ध उपयोग करून घ्यावा आणि मग त्याला बाजूला सारावे. मोठी माणसे तरुणांविषयी अशी चूक नेहमी करतात. इ.स.पू. ४३ मध्ये दोन्ही कॉन्सल युद्धात कामी आले, तेव्हा ऑक्टेव्हियनने ते पद मागितले. कॉन्सल होण्यासाठी वयाची चाळिशी ओलांडावी लागे; तो वीस वर्षांचाही नव्हता. सिनेट कां-कूं करू लागली. इतिहासकार स्वेटोनियस सांगतो, की त्याच्यातर्फे आलेल्या एका शतपतीने सभागृहात अंगरखा मागे सारून तलवारीची मूठ दाखवली आणि तुम्ही दिले नाही तर ही देईल, अशा अर्थाचे उद्गार काढले. १९ ऑगस्ट रोजी ऑक्टेव्हियन कॉन्सल झाला.

त्यानंतर तो अँटनीशीच मिळाला. या दोघांनी आणि लेपिडस या तिसऱ्याने मिळून मारावयाच्या माणसांच्या याद्या भर चौकात लावल्या आणि डोकी आणून देणाऱ्यांना बक्षिसे ठेवली. सिसरोचे नाव यादीत होते. त्याचे छिन्न मस्तक आणि लिहिणारा हात, ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे तेथेच टांगण्यात आले. सीझरच्या मारेकऱ्यांचा पराभव झाल्यावर सैनिकांना जमिनी देण्याची वेळ आली, तेव्हा इटलीतील अठरा शहरांच्या जमिनी त्यासाठी काढून ठेवलेल्या होत्या. ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, असे शेतकरी बायकामुलांसह रस्त्यावर आले. महाकवी व्हर्जिलच्या आरंभीच्या गोपकाव्यांत या विस्थापितांचे दुःख उमटले आहे. भूमिहीन सैनिकाचा प्रश्न नवे भूमिहीन निर्माण करून सोडवला गेला.

इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या समुद्रात अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांचा पराभव झाला. पुढच्या वर्षी दोघांनी आत्महत्या केली आणि इजिप्तचा खजिना ऑक्टेव्हियनच्या हाती आला. आता त्याला प्रतिस्पर्धी उरला नाही. त्याची खरी परीक्षा येथून सुरू झाली, कारण सीझरही याच ठिकाणी पोहोचला होता आणि मारला गेला होता.

इ.स.पू. २७ च्या जानेवारीत त्याने सिनेटपुढे जाऊन आपण सर्व अधिकार परत करीत आहोत असे जाहीर केले. सिनेटने त्याला तसे करू नये अशी विनवणी केली. अखेर त्याने काही प्रांत सांभाळण्याचे मान्य केले. हे प्रांत असे होते, की राज्याचे बहुतेक सैन्य त्यांतच होते. बाकीचे शांत प्रांत सिनेटकडे राहिले. सिनेटने कृतज्ञतेने त्याला ‘ऑगस्टस’, म्हणजे पूज्य, ही पदवी दिली. तो स्वतःला ‘प्रिन्सेप्स’, म्हणजे पहिला नागरिक, म्हणवी. इ.स.पू. २३ मध्ये त्याने दरवर्षीचे कॉन्सलपद सोडले आणि इतर कॉन्सल निवडले जाऊ लागले. लोकांना बरे वाटले. पण त्याच वेळी त्याने ट्रिब्यूनचे पद न घेता ट्रिब्यूनचे सर्व अधिकार स्वतःकडे घेतले. दुर्बलांच्या रक्षणासाठी निर्माण झालेला नकाराधिकार सर्वांत बलवान माणसाच्या हाती गेला.

जुन्या पाट्या जागच्या जागी होत्या. निवडणुका होत, सिनेट भरे, कॉन्सल शपथ घेत. आत कोण बसला आहे, एवढेच बदलले होते. मराठीत आपण त्याला सहज ‘सम्राट’ म्हणतो. पण रोमन कायद्यात असे पदच तेव्हा नव्हते.

सैनिकाचा प्रश्नही त्याने सोडवला. साठच्या आसपास असलेली लीजन, म्हणजे सैन्याची मोठी पथके, त्याने अठ्ठावीसवर आणली. सैनिकाला वर्षाला नऊशे सेस्टर्स पगार मिळे. वीस वर्षांच्या सेवेनंतर बारा हजार सेस्टर्स मिळतील असे ठरले, म्हणजे सुमारे तेरा वर्षांचा पगार एकरकमी. त्यासाठी इ.स. ६ मध्ये वेगळा कोष उघडला. त्यात ऑगस्टसने स्वतःचे सतरा कोटी सेस्टर्स घातले आणि वारशाच्या मालमत्तेवर पाच टक्के कर बसवला. आता सैनिकांचे पोट एकाच धन्याकडे पाहू लागले. हे पाहता, यादवीने थकलेल्या लोकांनी त्याची राजवट का स्वीकारली याचे नवल वाटत नाही. रस्ते सुरक्षित झाले, धान्य वेळेवर येऊ लागले. त्याच्या कीर्तीने हिंदुस्थानातील राजांचे वकीलही त्याच्याकडे आले, असे त्याने स्वतःच्या कार्याच्या कोरीव लेखात अभिमानाने नोंदवले आहे. इ.स. १४ मध्ये, १९ ऑगस्टलाच, तो अंथरुणावर शांतपणे मरण पावला.

एक गोष्ट मात्र त्याला करता आली नाही. जे पद कायद्यात नाही, त्याच्या वारसाचा नियम करणार कसा? त्याचा सावत्र मुलगा टायबेरियस हा दत्तक म्हणून गादीवर आला. पण ती सोय होती, कायदा नव्हे. पुढे कॅलिग्युला याने लोकांना छळले आणि इ.स. ४१ मध्ये त्याच्याच प्रिटोरियन अंगरक्षकांतील अधिकाऱ्यांनी त्याला ठार केले. सिनेटने तातडीने बैठक घेतली. जुने प्रजासत्ताक परत आणावे काय, यावर गंभीर भाषणे झाली. इकडे राजवाड्यात शिपायांना पडद्याआड भेदरून लपलेला कॅलिग्युलाचा चुलता क्लॉडियस सापडला. त्यांनी त्याला उचलून आपल्या छावणीत नेले. त्याने माणशी पंधरा हजार सेस्टर्स कबूल केले. दुसऱ्या दिवशी सिनेटने त्याला मान्यता दिली.

इ.स. ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली आणि पुढच्या एका वर्षात चार सम्राट झाले. दूरच्या सीमेवरचे सैन्यही रोमला राज्यकर्ता देऊ शकते हे तेव्हा सर्वांना कळले. इ.स. ९६ नंतर काही काळ योग्य माणसाला दत्तक घेऊन वारस करण्याची पद्धत चालली आणि राज्य सुखी होते. तिची स्तुती पुष्कळ होते. परंतु त्या चार सम्राटांपैकी एकाच्याही मागे मुलगा उरला नव्हता, हे विसरू नये. मार्कस ऑरेलियसला मुलगा होता. त्याने मुलालाच गादी दिली आणि तो कोमोडस निघाला. कोमोडसच्या खुनानंतर आलेल्या पर्टिनॅक्सने अंगरक्षकांना शिस्त लावू पाहिली. त्यांनी त्याला तीन महिन्यांच्या आत मारले. मग इ.स. १९३ मध्ये त्यांच्या छावणीपाशी रोमच्या सत्तेचा अक्षरशः लिलाव झाला. डिडियस ज्युलियानस याने माणशी पंचवीस हजार सेस्टर्सची बोली लावून ती जिंकली. तो सुमारे दोन महिने टिकला.

त्याला हटवून डॅन्यूब नदीकाठच्या सैन्याचा सेनापती सेप्टिमियस सेव्हेरस सत्तेवर आला. त्याचा जन्म आजच्या लिबियातील लेप्टिस मॅग्ना शहरातला. त्याने सैनिकांचा पगार वाढवला आणि अठरा वर्षे राज्य केले. इ.स. २११ मध्ये ब्रिटनमधील यॉर्क येथे तो मृत्युशय्येवर असताना त्याने कॅराकॅला आणि गेटा या दोन मुलांना, आपसात सलोख्याने राहा, सैनिकांना श्रीमंत करा आणि बाकी कोणाची पर्वा करू नका, असा उपदेश केल्याचे समकालीन इतिहासकार डिओ सांगतो. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅराकॅलाने धाकट्या भावाला आईच्या कुशीत मारवले. मग तो धावत सैनिकांच्या छावणीत गेला आणि पैशाचे वचन देऊन त्यांना आपलेसे केले. गेटाचे नाव साम्राज्यातील शिलालेखांवरून छिन्नीने खरवडून काढण्यात आले. त्या रिकाम्या जागा काही दगडांवर अजून दिसतात.