नावाचा भाडेपट्टा

१९९४ साली जोशुआ क्विटनर नावाच्या एका अमेरिकन पत्रकाराने मॅकडोनाल्ड्स या जगप्रसिद्ध उपाहारगृहांच्या कंपनीकडे दूरध्वनीवरून चौकशी केली. इंटरनेटवर कंपनीचे नाव अद्याप कोणीही घेतलेले नव्हते. ते कंपनीस हवे आहे काय, एवढेच त्याला विचारावयाचे होते. या प्रश्नाचे महत्त्व जाणणारा मनुष्य त्याला त्या प्रचंड कंपनीत भेटला नाही. तेव्हा त्याने ‘मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम’ हे नाव स्वतःच नोंदवून टाकले. त्या काळी नोंदणीस एक पैसाही पडत नसे. पुढे कंपनीस जाग आली. क्विटनरने स्वतःसाठी काही घेतले नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका शाळेस संगणक-साहित्याकरिता कंपनीने साडेतीन हजार डॉलर दिले आणि नाव कंपनीच्या स्वाधीन झाले. एका वार्ताहराने केलेली ही थोडी थट्टा, थोडा प्रयोग. परंतु जे त्याने विनोदाने केले, ते इतरांनी लवकरच व्यापार म्हणून केले, आणि त्यांच्या मनात शाळा नव्हती.

हा व्यापार समजण्यासाठी इंटरनेटवरील नाव, म्हणजे ज्यास ‘डोमेन’ म्हणतात ते, काय असते हे पाहिले पाहिजे. जगातील संगणक एकमेकांस आकड्यांनी ओळखतात. माणसाच्या स्मरणशक्तीला ते लांबलचक आकडे झेपत नाहीत. म्हणून आकड्यांच्या जागी नावे आली. आरंभी या नावांची एकच यादी असे व कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती ठेवली जाई. संगणक वाढले तशी यादी आवरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी, जॉन पोस्टेल यांच्या सहकार्याने, आजची नामव्यवस्था आखली. तीत नावाचे तुकडे बिंदूंनी वेगळे केलेले असतात व प्रत्येक शेपटीची वही निराळ्या संस्थेकडे असते. ‘डॉट कॉम’ या शेपटीचे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक-कंपनीने नोंदविले. त्या वेळी कोणी त्याची बातमीही केली नसेल.

१९९५ सालच्या सप्टेंबरात या नोंदणीस प्रथमच शुल्क लागले: दोन वर्षांस १०० डॉलर. येथेच एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सारा घोळ तिच्या विस्मरणातून होतो. लोक ‘नाव विकत घेतले’ असे म्हणतात. वस्तुतः कोणीही नाव विकत घेत नाही. जमिनीचा पट्टा घ्यावा तसे ते मुदतीने घ्यावयाचे असते. वर्षाचे भाडे भरावे, पट्टा चालू राहतो. भरले नाही की सुटतो. ‘डॉट कॉम’ची वही अमेरिकेतील व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे, ग्राहकाशी व्यवहार करणारे नोंदणीदार निराळे, आणि या सर्वांचे नियम १९९८ साली स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था ठरविते. या साखळीत नाव धारण करणारा मनुष्य हा शेवटचा कूळ होय.

मग नफा कोठून येतो? जुन्या मुंबईत भाड्याच्या खोलीची पागडी घेत असत, त्यातलाच हा प्रकार. खोली घरमालकाची, भाडे अल्प; परंतु आत बसलेला मनुष्य उठावयाचे हजारो रुपये मागतो, कारण तेथे एका वेळी एकालाच राहता येते. इंटरनेटवरही एक नाव एका वेळी एकाचेच असते. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरना गेले तेव्हा लोकांनी बोटे तोंडात घातली. दोनच वर्षांनी, १९९९ साली, तेच नाव ७५ लाखांना विकले गेले. अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या ‘फार्म ब्युरो’ या संघाकडे आपल्या आद्याक्षरांचे ‘एफबी डॉट कॉम’ हे नाव होते. २०१० साली फेसबुक कंपनीने ते ८५ लाख डॉलर देऊन घेतले. २०१९ साली ‘व्हॉइस डॉट कॉम’ या नावाचा ३ कोटी डॉलरांना सौदा झाला. शेतकऱ्यांच्या संघाने काही सट्टा केला नव्हता. तो केवळ आधी येऊन बसला होता.

असे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात, आणि ते वाचून एखादा होतकरू तरुण रात्रभर जागून शंभर नावे नोंदवितो. त्याचा हिशेब मात्र कोणी छापीत नाही. समजा, एका नावास वर्षाला हजार रुपये पडतात. शंभर नावांचे एक लाख. पहिल्या वर्षी एकही नाव गेले नाही तर दुसऱ्या वर्षी पुन्हा एक लाख, तिसऱ्या वर्षी पुन्हा. पाच वर्षांनी त्यातले एक नाव दोन लाखांना विकले गेले, तर मित्रमंडळीत तो दोन लाखांचा नफा म्हणून गाजतो. वस्तुतः त्याचे तीन लाख बुडालेले असतात. धान्याचा साठा निदान खाता तरी येतो. चांगली, सुटसुटीत, शब्दकोशातली नावे तर कधीच संपली आहेत. तीन अक्षरी रोमन नावेही शिल्लक नाहीत. उरलेल्यांत ज्याला भाव येईल असे नाव ओळखणे हे खरोखर कठीण कसब आहे, आणि ज्यांस ते साधले ते बहुधा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच येऊन बसलेले लोक आहेत.

या धंद्यात निश्चित प्राप्ती कोणाची, असे विचारले तर उत्तर सोपे आहे: भाडे घेणाऱ्याची. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला हे सुमारे सोळा हजार वस्तीचे चिमुकले बेट. देशांना अक्षरे वाटताना त्याच्या वाट्यास ‘एआय’ ही दोन अक्षरे आली. पुढे तीच अक्षरे इंग्रजीत कृत्रिम बुद्धिमत्तेची आद्याक्षरे म्हणून जगभर दुमदुमू लागली, आणि २०२३ साली त्या बेटाच्या सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, या शेपटीच्या नोंदणीतून आला. बेटाने काही केले नाही. अक्षरे नशिबाने मिळाली.

आता न्यायाचा प्रश्न. सामान्य शब्द आधी नोंदवून ठेवणे व मागाहून अधिक किमतीस देणे, यात कायद्याच्या दृष्टीने गैर काही नाही. परंतु दुसऱ्याने कष्टाने मिळविलेले नाव अडवून त्याच्याकडूनच खंडणी मागणे, ही गोष्ट निराळी. डेनिस टेपन या अमेरिकन गृहस्थाने शंभराहून अधिक नावे अशी अडविली होती. चित्रपटांचे कॅमेरे बनविणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीच्या नावावर त्याने इलिनॉय राज्यातील पाना या लहानशा गावाची छायाचित्रे लावून ठेवली आणि नाव सोडण्याचे १३ हजार डॉलर मागितले. पाना आणि व्हिजन, म्हणजे पानाचे दर्शन, अशी ती सबब! न्यायालयास ती पटली नाही. १९९८ साली अपिलातही तो हरला. पुढल्याच वर्षी अमेरिकेने अशा अडवणुकीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला व आयकॅननेही तंटे सोडविण्याची पद्धत घालून दिली. या पद्धतीत तक्रारदारास तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपल्या व्यापारचिन्हासारखे आहे, धारकास त्यावर काही न्याय्य हक्क नाही, आणि ते त्याने दुष्ट हेतूने घेतले व वापरले. तिन्ही सिद्ध झाल्या तर नाव परत मिळते. भरपाई मात्र मिळत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सामान्य शब्दाचे नाव प्रामाणिकपणे धारण करणाऱ्या दुर्बळ मनुष्यावर धनाढ्य कंपनीने याच पद्धतीचा बडगा उगारल्याची उदाहरणे आहेत, आणि तसे आढळल्यास पंच आपल्या निकालात तसा स्पष्ट शेरा मारतात. शेऱ्यावाचून अधिक शिक्षा नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

हिंदुस्थानातील न्यायालयेही या बाबतीत मागे राहिली नाहीत. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर रेडिफ कंपनीचा दावा आला. प्रतिवादीने ‘रॅडिफ’ असे नाव घेतले होते. रोमन लिपीत एका अक्षराचा फरक! वाचकाच्या बोटाची चूक हेच ज्याचे भांडवल, असा हा व्यापार न्यायालयाने रोखला. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ या नावासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, डोमेन हा केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळण्यास पात्र आहे. अलीकडचे प्रकरण २०२४ सालचे. जिओ व हॉटस्टार यांचे एकत्रीकरण होणार असा अंदाज बांधून दिल्लीच्या एका तरुणाने दोन्ही नावे जोडून एक नाव आधीच, २०२३ साली, घेऊन ठेवले होते. केंब्रिज विद्यापीठातील शिक्षणाचा खर्च कंपनीने द्यावा, एवढी त्याची मागणी. कंपनीने कायद्याची भाषा केली. अखेर नाव दुबईतील दोन लहान भावंडांकडे गेले व त्यांनी ते कंपनीस विनामूल्य देऊ केले. त्या तरुणाविषयी लोकांस सहानुभूती वाटली, ती स्वाभाविकच. परंतु मागणी शिक्षणाची असली म्हणून ती पॅनाव्हिजनच्या प्रकरणाहून फार दूर जात नाही.

मराठी वाचकास या नावांच्या बाबतीत एक जादा अडचण आहे. त्याची भाषा एका लिपीतली आणि नाव बहुधा दुसऱ्या लिपीत. बडोद्याच्या दुकानदाराने ‘बडोदा’ लिहावे की ‘वडोदरा’? पणजीतल्याने ‘पंजीम’ लिहावे की ‘पणजी’? बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. जुन्या नावाने पाट्या रंगविलेल्यांनी इंटरनेटवर काय करावे? एक लेखन घेतले की दुसरे कोणासही मोकळे. २०१४ सालच्या ऑगस्टपासून ‘डॉट भारत’ ही देवनागरी शेपटी मिळू लागली व मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांना तिचा लाभ आहे. आतल्या यंत्रणेस मात्र अजूनही रोमन अक्षरे, आकडे व जोडरेघ एवढेच कळते. म्हणून देवनागरी नावाचे आत एक विचित्र रोमन रूपांतर होते. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा फरक यंत्रास वेगळे नाव वाटतो. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करणारे विद्यार्थी येथे फसतील.

ज्यांस व्यापार करावयाचा नाही, केवळ आपल्या शाळेचे, मंडळाचे वा दुकानाचे नाव राखावयाचे आहे, त्यांना मुख्य धोका कोर्टकचेरीचा नाही, विसरण्याचा आहे. ‘डॉट कॉम’ नावाची मुदत संपली की नोंदणीदार ते सुमारे दीड महिन्यापर्यंत राखून ठेवू शकतो. त्यानंतर तीस दिवस जादा दंड भरून ते सोडविता येते. मग पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि नंतर नाव मोकळे होते. त्या क्षणासाठी व्यापाऱ्यांची यंत्रे घारीसारखी टपलेली असतात. वीस वर्षे चाललेल्या शाळेचे नाव मोलाचे ठरते, कारण लोक सवयीने तेथे येतात. मग तेथे जुगाराच्या जाहिराती लागल्या तरी पालकांस प्रथम शाळेचाच संशय येतो.

दुसरा प्रकार याहून साधा. संस्थेचे संकेतस्थळ एखादा हुशार मुलगा करून देतो व नोंदणी स्वतःच्या नावे, स्वतःच्या ईमेलवर करतो. पुढे तो नोकरीस परगावी जातो. वहीत धारक तोच असतो, संस्था नव्हे. म्हणून धारक म्हणून कोणाचे नाव आहे, भाडे कोणत्या तारखेस संपते आणि तेथे लिहिलेला ईमेल कोण उघडतो, या तीन गोष्टी कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवाव्यात. तो ईमेल बंद पडलेला असला, तर मुदत संपत आल्याची सूचना येते खरी, पण ती कोणाच्याच हाती पडत नाही.