खरेदीखत रद्द कोण करू शकतो?

जमिनीचा वाद सुरू झाला, की आपल्याकडे प्रथम अर्ज जातात ते कचेऱ्यांकडे. मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, दुय्यम निबंधक, सर्वांपुढे मागणी एकच : 'हे खरेदीखत फसवून केलेले आहे, ते रद्द करावे.' कायद्याची पुस्तके चाळताना मला असे आढळले, की यांपैकी कोणालाही सर्वसाधारणपणे तो अधिकारच नाही.

दुय्यम निबंधकाचे काम नोंदणी अधिनियम, १९०८ ने आखून दिले आहे. दस्त करून देणारा समोर हजर आहे काय, त्याची ओळख पटते काय, दस्त त्याला कबूल आहे काय, हे तो पाहतो. पैसे पोचले की नाही, फसवणूक झाली की नाही, याचा निवाडा तो करीत नाही. भोपाळमधील एका भूखंडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले, की एकदा नोंदलेला दस्त रद्द करण्याचा अधिकार या कायद्याने निबंधकाला दिलेला नाही.

महसूल खात्याचेही तसेच. फेरफार मंजूर वा नामंजूर करणे त्याच्या हाती आहे. परंतु ही नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. ती नामंजूर झाल्याने खरेदीखत रद्द होत नाही. अपवाद खास कायद्याचा. आदिवासीची जमीन मंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे गेली, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६-अ अन्वये जिल्हाधिकारी ते हस्तांतरण अवैध ठरवू शकतात.

एरवी दाद मागावयाची ती दिवाणी न्यायालयात, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३१ खाली. तेथे दोन्ही पक्षांचा पुरावा होतो, साक्षीदारांची उलटतपासणी होते. दस्त रद्द झाला, तर हुकूमनाम्याची प्रत निबंधकाकडे जाते आणि तो आपल्या पुस्तकात तशी नोंद घेतो. हे बंधन जाचक वाटेल. पण केवळ एका अर्जावर खत रद्द होऊ लागले, तर प्रामाणिकपणे पैसे मोजून जमीन घेणाऱ्याला झोप कशी लागेल?

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. खत रद्द करून घेण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे. ज्या गोष्टींमुळे खत रद्द मागता येते, त्या कळल्या त्या दिवसापासून ती मोजतात. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्यात ती निघून गेली, तर खरी बाजूही हरू शकते. आपणांपैकी पुष्कळ जण शेतकऱ्यांच्या घरांतून आलो आहोत. घरी अशी वेळ आलीच, तर अर्ज लिहिण्याआधी वकिलाकडे जाण्याचा सल्ला वडीलधाऱ्यांना आपण अवश्य द्यावा.