हिरड्यांचा आजार: उपचारांनंतरची देखभाल

हिरड्यांखालचं कीटण काढलं, सूज उतरली, रक्त थांबलं, की बहुतेक जण दवाखान्याची वाट विसरतात. पण दाताभोवतीचं झिजलेलं हाड सहसा पूर्ववत होत नाही आणि जंतूंचा थर ब्रश केल्यावर काही तासांतच पुन्हा धरू लागतो. 1965मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी निरोगी तरुणांना दात घासणं बंद करायला लावलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू होताच आठवड्याभरात बऱ्याही झाल्या. हाडापर्यंत पोचलेला आजार मात्र इतक्या सहज बरा होत नाही.

म्हणून अशा रुग्णांना सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी बोलावतात. डॉक्टर बारीक सळईने दात आणि हिरडी यांमधली फट मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून खोल फटीत ब्रश पोचत नाही, तिथली सफाई दवाखान्यातच होते. दोन दातांमधल्या फटीसाठीचा छोटा ब्रश घरी रोज वापरावा, हे सांगून दंतवैद्य थकतात.

धोका सर्वांना सारखा नसतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरणंही अवघड होतं. तंबाखू त्याहून लबाड. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढत असूनही सारं ठीक वाटतं. आपल्याकडे मशेरीला अजून दंतमंजनाचा मान आहे. ती भाजलेली तंबाखूच असते.