बाळ दूध ओढत नाही तेव्हा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी चाळीसगावी आमच्याकडे आली होती. प्रसूती दवाखान्यात सुखरूप झाली, मुलगी झाली, पेढे वाटले गेले आणि तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. चौथ्या दिवशी सकाळी माझी आई म्हणाली, "पोर दूध पेत नही." अंग पिवळसर दिसत होते. शेजारच्या आजीबाईंनी कोवळ्या उन्हात धरावयास सांगितले, कोणी दृष्ट काढली. पाचवा दिवस उजाडला तरी मुलगी झोपेतच, रडणेही क्षीण. शेवटी भाचीच रडवेल्या आवाजात म्हणाली, "मामा, रिक्षा बोलवा." डॉक्टरांनी बाळाचे तळपाय दाबून पाहिले, ते पिवळे होते. त्यांनी विचारले, "दूध कधीपासून बंद?" "काल सकाळपासून," असे सांगताना माझी मान खाली गेली. चोवीस तास आम्ही घरातच घालविले होते.

मुलगी चार दिवस निळ्या दिव्याखाली राहिली आणि बरी होऊन घरी आली. परंतु त्या चोवीस तासांचा हिशेब माझ्या मनात अजून जुळत नाही. इतरांच्या घरी तशी चूक होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाळ पिवळे का पडते, हे प्रथम पाहू. जन्मानंतर बाळाच्या रक्तातील जास्तीच्या तांबड्या पेशी फुटतात व त्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते बाहेर टाकण्याचे काम यकृताचे. पण नवजात बाळाचे यकृत अजून त्या कामाला पुरेसे तयार नसते. म्हणून पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते, चौथ्या-पाचव्या दिवशी वाढते आणि एक-दोन आठवड्यांत ओसरते. ही साधी कावीळ होय. परंतु जन्मापासून चोवीस तासांच्या आत दिसलेली, तळहात-तळपायापर्यंत पोचलेली किंवा बाळ सुस्त करणारी कावीळ साधी नव्हे. आईचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर ती फार झपाट्याने वाढू शकते. हे द्रव्य प्रमाणाबाहेर गेले की मेंदूत शिरते आणि बाळ वाचले तरी जन्मभराचे अपंगत्व किंवा बहिरेपण येऊ शकते. पाचव्या दिवशी सटवी बाळाचे ललाट लिहून जाते, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्याच दिवसांत कावीळ शिगेला पोचते, हे लक्षात घेतले तर ललाट कोण लिहिते ते कळते. आपण केलेला उशीरच पुष्कळदा ते लिहीत असतो.

निळ्या दिव्याचा शोध कसा लागला, तेही सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना अंगणात उन्हात नेत असत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखविले. त्याचे अंग फिके झाले होते, पण चादरीखाली झाकलेला भाग तसाच पिवळा होता. त्यावरून अभ्यास होऊन १९५८ मध्ये डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी प्रकाशोपचार जगापुढे मांडला. प्रकाशाने त्या द्रव्याचे रूप पालटते व ते शौच-लघवीवाटे निघून जाते. मग आजीबाईंचे कोवळे ऊन काय वाईट, असे कोणी विचारील. ऊन किती लागले याचे मोजमाप नाही, उघडे बाळ गारठते किंवा भाजते आणि मुख्य म्हणजे उन्हाच्या भरवशावर आपण रक्ततपासणी पुढे ढकलतो.

पण दूध न ओढणे हे केवळ काविळीचे लक्षण नाही. रक्तात जंतुसंसर्ग झाला तरी पहिली खूण बहुधा हीच असते. या बाबतीत आपल्याच महाराष्ट्राने जगाला वाट दाखविली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत प्रथम प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद ठेवली. मग गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना बाळ तपासावयास, वजन करावयास, श्वास मोजावयास व गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यावयास शिकविले. १९९३-९५ मध्ये तेथे हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ मध्ये ती संख्या सुमारे २५ वर आली. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी पूर्वी सोळा-सतरा जात, नंतर तिघांच्या आसपास. हे काम डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मी जन्मभर खातेवह्या पाहिलेला माणूस. मला यात सर्वांत मोठी वाटते ती नोंद. जे मृत्यू कोठे लिहिलेच जात नव्हते, ते लिहिले गेले, तेव्हाच ते थांबविता आले.

याच पद्धतीच्या आधारे २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी त्यांनी यावयाचे असते. त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळाला कोणाची दृष्ट लागेल ही भीती मनातून काढा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर निघण्यापूर्वी त्यांना अवश्य कळवावे.

पहिल्या महिन्यात खालीलपैकी एकही खूण दिसली तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा :

१) दूध ओढणे बंद होणे किंवा फार कमी होणे.
२) बाळ सुस्त, लुळे पडणे, रडणे क्षीण होणे.
३) शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, अथवा छाती आत ओढली जाणे.
४) अंग तापणे किंवा गार पडणे.
५) झटके येणे.
६) नाळेभोवती लाली किंवा पू.
७) पहिल्याच दिवशी कावीळ, अथवा तळपायापर्यंत पिवळेपणा.

वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरावे. मध, घुटी, पाणी काही देऊ नये.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या व वाहन विनामूल्य आहे. आरंभी तीस दिवसांपुरती असलेली ही सोय पुढे एक वर्षापर्यंत वाढविली गेली. १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी मागता येते. चाळीसगावहून धुळे पन्नास-साठ किलोमीटर, जळगाव त्याहून लांब. म्हणून कोणत्या वेळी कोठे जावयाचे, हे बाळंतपणाआधीच ठरवून ठेवावे.

काचेच्या पेटीची धास्ती अनेकांना वाटते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, हे कोणी विसरू शकत नाही. त्या कक्षांची सुरक्षितता मागणे हा आपला हक्कच आहे. मात्र त्या भीतीने आजारी बाळ घरात ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे.

बाबासाहेब आणि रमाई यांनी यशवंतरावांखेरीज आपली सर्व मुले लहानपणीच गमावली. राजरत्न गेला तो १९२६ मध्ये. दोनच वर्षांनी, १९२८ साली, मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले आणि कामगार मातेला बाळंतपणात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. पुढच्या वर्षी तो कायदा झाला.

आमची ती मुलगी आता शाळेत जाते. तिच्या जन्माच्या कागदपत्रांबरोबर मी वरील सात खुणा लिहिलेला एक कागद ठेवला आहे. घरात कोणाचे बाळंतपण आले की तो बाहेर निघतो. वाचकांनीही हे पान कापून भिंतीवर लावावे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. बाळाकडे पहिले लक्ष त्यांचेच जाते. आमच्याही घरी ते आईचेच गेले होते. आम्हीच तिचे ऐकून उठलो नाही.