लंबगोल हौदांचा कालवा

फ्रान्सला जाऊन ताशी आठ किलोमीटरच्या वर न पळणाऱ्या बोटीत आठवडा काढायचा, हे घरी पटवून देणं कठीण. तरी मी म्हणेन, काढाच. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा २४० किलोमीटरचा ‘कॅनाल द्यु मिदी’ घाईघाईने बघण्यासारखा नाहीच.

पियेर-पॉल रिके हा मिठावरच्या कराचा मक्तेदार. चौदाव्या लुईची परवानगी मिळवून त्याने १६६६ मध्ये या कालव्याचं काम हाती घेतलं, पदरचा पैसा ओतला आणि १६८० मध्ये, कालवा खुला व्हायच्या काही महिने आधी, तो गेला. त्याची खरी हुशारी पाण्याच्या हिशेबात होती. वाटेतल्या नोरूझच्या चढावर, १८९ मीटर उंचीवर, डोंगरातले ओढे वळवून आणले, की तिथून दोन्हीकडे पाणी आपोआप उतरतं.

पण मी रेंगाळलो ते लॉकपाशी, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या हौदांपाशी. इथले जुने हौद लंबगोल आहेत. सरळ भिंती मातीच्या रेट्याने ढासळल्यावर रिकेने त्यांना बाहेरच्या बाजूला बाक दिला. बोट आत शिरते, मागचे दरवाजे मिटतात, पुढच्या झडपा उघडतात आणि पाणी उसळत आत घुसतं. काठावरच्या खुंट्याला वेढा घातलेला दोर बोट वर चढेल तसा ओढत राहावं लागतं. जरा ढिलाई झाली की बोट आडवी फिरते. पाण्याची पातळी सारखी होईपर्यंत पुढचे दरवाजे हलत नाहीत, कारण वरच्या पाण्याचा दाबच त्यांना मिटून धरतो. बेझिएजवळ फोंसेरानला असे हौद एकाला एक लागून आहेत. तिथे बोट पायऱ्या चढल्यासारखी साडेएकवीस मीटर वर येते.

काठावरच्या झाडांची मात्र काळजी वाटते. प्लेन वृक्षांच्या मुळांनी काठ बांधून धरले, सावलीने पाणी राखलं. अशी सुमारे ४२ हजार झाडं होती. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून एक बुरशी फ्रान्समध्ये शिरली. २००६ मध्ये ती या कालव्यावर सापडली. लागण झालेलं झाड वाचत नाही. ते तोडून जाळावं लागतं, आणि बुरशी मुळांतून, पाण्यातून पसरते म्हणून शेजारची झाडंही जातात. हजारो गेली. आता वेगवेगळ्या जातींची रोपं लावताहेत, पण रोपाची सावली पडायला एक पिढी जाते. तोवर कित्येक ठिकाणी काठ उघडे आणि उन्हात बोट तापलेली.

जाणार असाल तर एवढं पाळा: बोटीचा दोर झाडाला कधीच बांधू नका. सालीवरची एक जखमही त्या बुरशीला पुरते.